खेळाचे पैसे

"काय रे बाळा, ह्या खेळाचे पैसे मी कशापायी भरते?"

गेल्या जून महिन्यात माईंनी हा प्रश्न विचारला तेव्हा मी पावतीपुस्तक घेऊन त्यांच्या दारात उभा होतो. कॉलेजचा खर्च निघावा म्हणून मी आमच्या भागातल्या केबलवाल्याकडे वसुलीचे काम करतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात उल्हासनगर कॅम्प नंबर चारच्या गल्ल्यांतून फिरायचे, दारादारांत "केबलऽ" म्हणून हाक मारायची, पैसे मोजून घ्यायचे आणि पावती फाडून द्यायची. माई सत्तरीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांचा टीव्ही सकाळी कीर्तनाला आणि संध्याकाळी मालिकांना लागतो. पण त्यांच्या पॅकमध्ये चार चॅनेल खेळांची आहेत. रिमोटचे बटण चुकून दाबले गेले की पडद्यावर हिरवेगार मैदान येते आणि मग माईंना पुन्हा आपल्या मालिकेवर परतता येत नाही. त्यातून हा प्रश्न आला होता.

"पॅकच तसा आहे, माई," मी म्हणालो आणि पुढच्या दाराकडे वळलो. पण हे काही उत्तर नव्हे, हे मला जिना उतरतानाच कळले होते.

वास्तविक आमच्या उल्हासनगरात सुटी मिळत नाही अशी वस्तू शोधून काढावी लागेल. हे गाव मुळात महायुद्धाच्या काळातली लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासित बराकींतून राहायला आले आणि १९४९ साली छावणीचे उल्हासनगर झाले. रिकाम्या हातांनी आलेल्या त्या माणसांनी दारोदार सुट्या वस्तू विकून हा बाजार उभा केला. आजही इथे पँटचे एक बटण मिळते, एक चेन मिळते, कपाटाच्या एका खणाची एक मूठ मिळते. दुकानदार कुरकुरत नाही. अशा गावात एका म्हातारीला "तुम्हाला हवी ती चॅनेल मिळतील, पण सोबत ही चारही घ्यावी लागतील" असे सांगायचे काम माझ्या वाट्याला आले. क्रीडा चॅनेल वेगळी विकावीत की नाही, हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही. तो असा दारात भेटला.

पण त्याची सुरुवात माईंच्या दारात झालेली नाही. ती आमच्या घरातली आहे.

टीव्हीच्या दरांचे नियम 'ट्राय' ही संस्था ठरवते. तिचा २०१७ सालचा आदेश १ फेब्रुवारी २०१९ पासून देशभर लागू झाला. त्याआधी केबलवाला देईल ती चॅनेल आणि मागेल ते पैसे, असा मामला होता. २००७ सालच्या सुरुवातीपासून दक्षिण मुंबईत प्रत्येक पैसे भरायच्या चॅनेलला जास्तीत जास्त ५ रुपये असा नियम झाला होता; पण तो कल्याणच्या पुढे आमच्यापर्यंत कधी पोहोचला नाही. २०१९ साली मात्र प्रत्येक चॅनेलची किंमत छापून आली आणि 'हवे तेच घ्या, त्याचेच पैसे द्या' असे सांगण्यात आले. आमच्या घरी एक लांबलचक छापील फॉर्म आला. मी तेव्हा सहावीत होतो.

वडील फर्निचर बाजारात पॉलिशचे काम करतात. लोकांच्या दिवाणखान्यात जाणारी टीव्हीची कपाटे चकचकीत करणे हा त्यांचा रोजचा धंदा. तरुणपणी ते मंडळाकडून कबड्डी खेळत. गुडघा दुखावला आणि खेळणे सुटले. पाहणे सुटले नव्हते. कबड्डी असो की क्रिकेट, सामना असला की ते जेवणाचे ताट घेऊन टीव्हीसमोर बसत. त्या रात्री त्यांनी फॉर्म जमिनीवर पसरला आणि माझ्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. पहिल्या १०० चॅनेलांच्या जोडणीचे १३० रुपये. त्यावर १८ टक्के कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. हे झाले नुसते दारात शिरण्याचे तिकीट. मग आजीच्या मालिकांची तीन मराठी चॅनेल. मग खेळाचे एक, १९ रुपयांचे. करासह २२ रुपये ४२ पैसे. वर्षाचे झाले २६९ रुपये ४ पैसे.

वडिलांनी त्या आकड्याकडे थोडा वेळ पाहिले आणि शेवटची ओळ खोडली. "मला कुठे वेळ असतो बघायला!" एवढेच म्हणाले. जूनमध्ये माझ्या सातवीच्या वह्या साधारण तेवढ्याच पैशांत आल्या. तेव्हा मी दोन्ही गोष्टींचा संबंध जोडला नव्हता.

त्याच वर्षी १० जुलैला, विश्वचषकाच्या उपांत्य सामन्याच्या दिवशी, मी शिकवणीहून परतत होतो. पावसामुळे आदल्या दिवशी अर्धवट राहिलेला भारत-न्यूझीलंड सामना मँचेस्टरला पुढे सुरू झाला होता. लालचक्की चौकात टीव्हीच्या एका दुकानासमोर माणसांची गर्दी होती. त्या गर्दीत डब्याची पिशवी हातात घेऊन, एका पायावर भार देऊन वडील उभे होते. काचेच्या आतून आवाज बाहेर येत नव्हता. गप्टिलच्या फेकीवर धोनी धावबाद झाला तेव्हा सगळी गर्दी एकदम "आऽ" करून थांबली. वडील काही बोलले नाहीत. पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि तिथेच उभे राहिले. मी त्यांना हाक मारली नाही. का मारली नाही ते मला आजही नीट सांगता येणार नाही. मी दुसऱ्या गल्लीने घरी आलो.

भारत १८ धावांनी हरला. वडील घरी आले तेव्हा आजीने विचारले, "उशीर झाला?" ते म्हणाले, "काम होतं." थोड्या वेळाने अंबरनाथहून मामाचा फोन आला. मामा हळहळत होता. "पाहिलात ना सामना, दाजी?" त्याने विचारले. वडील म्हणाले, "पाहिला तर!"

आता मामाने तो सामना कसा पाहिला, ते सांगितले पाहिजे. अंबरनाथला मोरिवलीच्या बाजूला एका चाळीत तो राहतो. त्याच्या पत्र्यावर दूरदर्शनची 'फ्री डिश'ची छत्री आहे. छत्री आणि बॉक्स एकदा विकत घेतला की पुन्हा महिन्याला एक पैसा द्यावा लागत नाही. २००७ साली एक कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून सरकारने जाहीर केलेले सामने खाजगी कंपनीने प्रसारभारतीलाही दिले पाहिजेत, असा तो कायदा. त्यामुळे मामाला विश्वचषक फुकट दिसला. मग आमच्या केबलवरही दूरदर्शन होतेच की, ते का दाखवत नव्हते? याचे कारण २०१७ च्या ऑगस्टमधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. असे सामने दूरदर्शनने स्वतःच्या मनोऱ्यांवरून आणि फ्री डिशवरून दाखवावेत. केबल आणि इतर डिशवाल्यांकडे ते पुढे जाऊ नयेत, असे न्यायालयाने ठरवले. कोट्यवधी रुपये मोजून हक्क विकत घेणाऱ्याचे नुकसान होऊ नये, हा त्यामागचा विचार. कायद्याच्या भाषेत तो बरोबरही असेल. पण परिणाम काय झाला? काहीच न भरणाऱ्या मामाच्या घरात सामना दिसला आणि महिन्याच्या महिन्याला केबलचे पैसे भरणारे माझे वडील दुकानाच्या काचेबाहेर उभे राहिले.

म्हणून माईंचा प्रश्न ऐकताच मला प्रथम वाटले, उत्तर सोपे आहे. सगळे सुटे विका! माईंना कीर्तन, वडिलांना कबड्डी. ज्याला जे हवे त्याने त्याचे पैसे द्यावेत. पुढच्या रविवारी मी माईंकडे फॉर्म घेऊन गेलो. त्यांना हवी असलेली सहा चॅनेल विचारून घेतली, कर धरून सुट्या किमतींची बेरीज केली, आणि चक्रावलो. सहा चॅनेल सुटी घेतली तर पॅकपेक्षा ९ रुपये जास्त होत होते. म्हणजे खेळ नको म्हणून सांगायचे असेल तर माईंनी वर ९ रुपये द्यायचे! माई हसल्या. "राहू दे रे," म्हणाल्या. "नको असलेलं स्वस्त आणि हवं असलेलं महाग. हे असंच असतं."

हे असेच का असते, त्याचे कारण मी शोधून काढले. २०१७ च्या आदेशात मूळची अट अशी होती, की गठ्ठ्याची किंमत सुट्या किमतींच्या बेरजेपेक्षा १५ टक्क्यांहून अधिक खाली नेता येणार नाही. २०१८ साली मद्रास उच्च न्यायालयाने ही अट रद्द केली. त्यावर्षीच्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बाकीचा आदेश उचलून धरला. त्यामुळे सुटी विक्री आली खरी. पण गठ्ठ्यावर वाटेल तेवढी सूट देण्याची वाटही उघडी राहिली. पुढे २०२० साली ट्रायने नवे निर्बंध आणले. कंपन्या मुंबई उच्च न्यायालयात गेल्या आणि २०२१ साली न्यायालयाने ते निर्बंध बहुतांशी मान्य केले. २०२२ च्या नोव्हेंबरात सुटीची मर्यादा ४५ टक्के ठरली. म्हणजे १९ रुपयांचे चॅनेल गठ्ठ्यात १० रुपये ४५ पैशांपर्यंत खाली येऊ शकते. एवढा फरक असल्यावर सुटे कोण घेणार? जोडणीच्या १३० रुपयांची मर्यादा तर २०२४ साली काढूनच टाकली आहे. निवडीचा हक्क कागदावर आहे. तो वापरला की दंड बसतो.

पण मित्रहो, इथपर्यंत आल्यावर माझी खरी पंचाईत झाली. अर्थशास्त्राच्या तासाला सरांपुढे मी हा प्रश्न मांडला, तेव्हा त्यांनी फळ्यावर एक साधा हिशेब करायला सांगितला. समजा, एका गल्लीत १०० घरे आहेत. त्यांतली ३० घरे खेळ पाहतात. खेळाचा खर्च त्या गल्लीच्या वाट्याला ६०० रुपये येतो. सगळ्यांनी भरले तर घरामागे ६ रुपये. फक्त पाहणाऱ्यांनी भरले तर २० रुपये. सर म्हणाले, "आता सांग, सुटे विकले तर तुझ्या त्या माईंचे काय आणि तुझ्या घराचे काय?"

मी खडू हातात घेऊन उभा राहिलो. माईंचे ६ रुपये वाचत होते. आणि माझ्या वडिलांना २० रुपये पडत होते. ज्या सुट्या विक्रीच्या बाजूने मी तावातावाने बोलत होतो, ती माझ्या वडिलांना पुन्हा काचेबाहेर उभे करणार होती. शिवाय खेळाचा खर्च काही लहान नाही. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या आयपीएलचे प्रक्षेपण-हक्क २०२२ च्या जूनमध्ये ४८,३९० कोटी रुपयांना गेले. त्यातले बरेचसे जाहिरातींतून येत असले तरी उरलेले कुणाच्या तरी महिन्याच्या बिलातूनच वसूल व्हायचे. आणि कबड्डी तर क्रिकेटच्याच पाठीवर बसून घरात येते. क्रिकेटचे गिऱ्हाईक कमी झाले तर तिला कोण विचारणार?

मग गठ्ठा म्हणजे एक प्रकारची वर्गणीच नव्हे का? आमच्या गल्लीतल्या गणपतीला सगळे वर्गणी देतात. आरतीला न येणाराही देतो. माईही देतात. काही दिवस मला हा युक्तिवाद पटला होता. पण पावत्या फाडता फाडता त्यातली खोच लक्षात आली. गणपतीची वर्गणी मागायला मंडळाची मुले येतात तेव्हा ती 'गणपतीसाठी' म्हणून मागतात. अनंत चतुर्दशीनंतर जमाखर्चाचा कागद फळ्यावर लागतो. मांडवाला किती, बाजाला किती, सगळे दिसते. माईंना कुणी 'खेळासाठी इतके द्या' असे कधी विचारले? माझ्या पावतीवर तर एकच आकडा असतो. न विचारता घेतलेली वर्गणी ही वर्गणी नव्हे. आणि मांडवाची वर्गणी मांडवातच राहते. ही कुठे जाते ते ना माईंना ठाऊक, ना मला.

कुणी म्हणेल, आता टीव्हीचा हा वाद कशाला? सगळे मोबाइलवर आले आहे. बदलापूरला आत्याच्या नव्या फ्लॅटमध्ये केबलही नाही, छत्रीही नाही. तिच्या घरात चार माणसे चार फोनांवर चार गोष्टी पाहतात. माझा आतेभाऊ २०२३ ची आयपीएल बदलापूर लोकलमध्ये उभ्या उभ्या फुकट पाहत होता आणि मला हसत होता. २०२५ च्या हंगामापासून तिथेही वर्गणी आली. ती बहुतेकांच्या रिचार्जला जोडून आली. म्हणजे एक गठ्ठा सुटला आणि दुसरा गळ्यात पडला. त्यातच २०२४ च्या नोव्हेंबरात देशातले खेळ दाखवणारे दोन मोठे समूह एक झाले. बाजारात दुकाने दोन असली तर गिऱ्हाईक 'शेजारी जातो' म्हणू शकते. एकच मोठे दुकान उरले की किंमत कोण ठरवणार हे उल्हासनगरच्या माणसाला सांगायला नको.

सगळा विचार करून मला जे वाटते ते सरळ लिहितो. क्रीडा चॅनेल वेगळी विकलीच पाहिजेत, आणि तीही खऱ्या अर्थाने वेगळी. म्हणजे ज्याला ती नकोत त्याचे बिल त्यामुळे कमी झाले पाहिजे, वाढता कामा नये. गठ्ठा जरूर असावा. खानावळीत राईसप्लेटही असते आणि नुसता भातही मिळतो. पण नुसता भात राईसप्लेटपेक्षा महाग असेल तर त्याला निवड म्हणत नाहीत.

आणि माझ्या वडिलांसारख्यांचे काय? त्यांचा भार माईंवर टाकू नये. त्याची सोय दुसरीकडे आहे. १९९३ च्या हिरो कपच्या प्रक्षेपणावरून सरकार आणि बंगालची क्रिकेट संघटना यांच्यात वाद झाला होता. त्याचा निकाल १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे होते. आकाशलहरी ही जनतेची मालमत्ता आहे आणि तिचा उपयोग जनहितासाठी झाला पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. हे तत्त्व जर खरे, तर जे मोजके सामने सरकार स्वतः राष्ट्रीय महत्त्वाचे ठरवते, ते पत्र्यावर छत्री असलेल्याला दिसावेत आणि भिंतीतून केबलची तार आलेल्याला दिसू नयेत, हा भेद कायद्यात दुरुस्ती करून मिटवला पाहिजे. बाकीचे सामने ज्याला पाहायचे त्याने विकत घ्यावेत. वडील घेतीलही, घेणार नाहीतही; पण त्यांचे पैसे माईंच्या बटव्यातून जाणार नाहीत.

आणि हे सगळे होईल तेव्हा होवो. पावतीवर खेळाचे किती, मालिकांचे किती, एवढे तरी वेगळे छापावे. गणपती मंडळाला जे जमते ते मोठमोठ्या कंपन्यांना का जमू नये?

ऑक्टोबर महिन्यात मी ते स्वतःच केले. माईंच्या पावतीच्या मागे पेनाने मांडून दिले: जोडणीचे इतके, मालिकांचे इतके, कीर्तनाचे इतके, खेळाचे अंदाजे इतके. माईंनी चष्मा लावून कागद वाचला. मग म्हणाल्या, "एवढे पैसे दरमहा भरते होय मी! अरे, मग फुकट कशाला घालवायचे? तुझ्या बापाला कबड्डीचं वेड आहे ना? सांग त्याला, येत जा म्हणावं. मालिका संपल्यावर."

वडील आधी नको म्हणाले. पण ३१ तारखेला प्रो कबड्डीचा अंतिम सामना होता आणि त्यात पुण्याचा संघ होता. रात्री ते हात-पाय धुऊन, स्वच्छ शर्ट घालून माईंकडे गेले. मीही गेलो. माईंनी त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः पलंगावर बसल्या. चढाई म्हणजे काय, पकड म्हणजे काय, वडील त्यांना समजावून सांगत होते. घरात मी त्यांना इतके बोलताना फारसे ऐकलेले नाही. पुणे हरले, दिल्ली जिंकली. माई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी जिंकतील." परत येताना वडील जिन्यात थोडे थांबले, गुडघा चोळला, आणि म्हणाले, "चांगला झाला सामना."

ही गोष्ट मी घरी सांगितली तेव्हा आतेभाऊ म्हणाला, "बघ, म्हणजे पॅक चांगलाच की!" मी त्याला म्हटले, नाही. माईंनी खुर्ची दिली तो माईंचा शेजारधर्म. तो पॅकमध्ये येत नाही आणि त्याची पावती फाडता येत नाही. त्यांनी वडिलांना बोलावले ते हिशेब कळल्यावर, स्वतःच्या मनाने. न कळत त्यांच्याकडून पैसे घेणे ही गोष्ट वेगळी.

या महिन्यातही मी माईंच्या दारात जाणार आहे. त्या प्रश्न विचारणार नाहीत. पैसे मोजून देतील आणि पाणी हवे का म्हणून विचारतील. पण त्यांचा जूनमधला प्रश्न माझ्या पावतीपुस्तकात तसाच आहे, आणि तो मी अजून फाडून कुणाच्या हातात देऊ शकलेलो नाही.